भावजींचा कपडेपट

आमच्या धाकट्या भावजींइतका न्यायी माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नसेल, आणि नुसत्या न्यायाने इतकी माणसं रुसवून ठेवणाराही दुसरा कुणी झाला नसेल. वहिनी आहे म्हणून कौतुक करते आहे असं समजू नका. त्यांच्या न्यायापायी मी इतके वेळा कपाळावर हात मारून घेतलाय की कपाळ शाबूत राहिलं हेच नवल. परवा माझा नातू मोबाईलवर खेळता खेळता वैतागून म्हणाला, की आजी, माझ्या माणसाला कधीच नवे कपडे मिळत नाहीत, त्या दुसऱ्यालाच सारखे देतात, हे ठरवतं तरी कोण? त्याच्या आईने त्याला समजावलं, की ज्याला जास्त लोक खेळायला घेतात त्याचे कपडे जास्त खपतात, म्हणून कंपनी त्यालाच नटवते. असेल बाई. कंपन्यांचं मला काय कळतंय! पण हाच प्रश्न आमच्या तिसगावच्या घरात, मोबाईल म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा, एका माणसाने डोक्यात घेतला होता, आणि त्याचं उत्तर कंपनीच्या बरोब्बर उलटं निघालं होतं.

भावजी तसे लहानपणापासूनच असे. घरात एक कान तुटलेला कप होता. पाहुणा असो की घरचा, त्याला कुणी हात लावत नसे. भावजी मात्र रोज त्याच कपात चहा प्यायचे. बोटं पोळायची, पण कप बदलायचे नाहीत. मी एकदा चिडून तो कप फेकायला निघाले तर हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "वहिनी, चांगल्या कपाला समदेच घेत्यात. ह्याला मी न्हाई घेतला तर कोन घेनार?" कपाटातला सगळ्यात खालचा शर्ट ते आठवणीने वर काढत, का तर त्याला वाटायला नको की आपल्याला विसरले. पंगतीत वाढायला उभे राहिले की पहिल्यांदा शेवटच्या पानाकडे जात. त्यामुळे मानाच्या पाहुण्यांपुढे जिलबी पोचेपर्यंत त्यांचा भात निवून जाई, आणि आमच्या ह्यांना, म्हणजे भावजींच्या थोरल्या भावाला, सगळ्यांची बोलणी खावी लागत. उन्हाळ्यात छत्री उघडून अंगणात ठेवायचे, चार महिने अडगळीत पडून तिला कोंदट वाटत असेल म्हणून. आता बोला.

असा हा माणूस नगरला जाऊन कॉम्प्युटर शिकून आला. येताना बंद पडलेल्या एका क्लासमधला जुना कॉम्प्युटर घेऊन आला. एस. टी.त त्यांनी तो गोधडीत गुंडाळून खिडकीच्या जागेवर बसवला आणि स्वतः पाथर्डीच्या गाडीत तिसगावापर्यंत उभ्याने आले. आम्ही नुकतीच घराला पुढची खोली काढली होती, स्लॅब टाकून. ती त्यांनी बळकावली. चप्पल बाहेर, बोलणं हळू, आणि कॉम्प्युटरवर शेजारच्या शिंपीमामांकडून माप घेऊन शिवलेलं फुलाफुलांचं आवरण. सासूबाईंनी खंडेनवमीला त्याला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, आणि नारळही त्याच्यावरच फोडणार होत्या, तेवढ्यात भावजी आडवे पडले म्हणून वाचला.

क्लास काढायचा बेत होता. पण तिसगावात कॉम्प्युटर शिकून करायचं काय, हे कुणाला कळेना, त्यामुळे शिकायला कुणी येईना. मग भावजींनी रिकाम्या वेळात एक खेळ बनवला. खेळ म्हणजे आमचा आठवड्याचा बाजारच. एका टोकाला वेस, दुसऱ्या टोकाला एस. टी. स्टँड. मधे शेळ्या, कांद्याचे ढीग, भांडणारी माणसं, अधूनमधून एखादा टेम्पो. आपण एक माणूस निवडायचा आणि ह्या सगळ्यातून त्याला वाट काढत स्टँडवर न्यायचं, संध्याकाळची शेवटची गाडी सुटायच्या आत. माणसंही गावातलीच. एक पैलवान, एक शिंपीमामा, एक चर्चजवळ राहणारे मास्तर, एक स्टँडवरचे कंट्रोलरसाहेब. आणि एक बाईमाणूस, तिच्याकडे मी नंतर येते. सगळी माणसं चौकोनी ठिपक्यांची, बोटाएवढी, पण चालण्यावरून लांबून ओळखू यायची. मास्तर चालता चालता धोतर आवरत नाहीत, चष्मा आवरतात, तेसुद्धा त्या बोटभर ठिपक्यांत दिसायचं. रुपयाला एक डाव. बाजाराच्या दिवशी आमच्या दारात ही गर्दी व्हायची की सासूबाईंना घरात शिरायला मागच्या दाराने जावं लागे.

आणि इथेच भावजींच्या न्यायाने डोकं वर काढलं. दिवाळी आली. घरात सगळ्यांना नवे कपडे झाले, आणि भावजींना एकदम आठवलं, की कॉम्प्युटरमधली माणसं गेले कित्येक महिने एकाच कपड्यांवर आहेत. झालं. त्यांनी शिंपीमामांना बोलावून सल्ला विचारला. मामांनी गळ्यात टेप घालून कॉम्प्युटरपुढे बैठक मारली आणि पैलवानाच्या खांद्याला बाहीपुरती जागाच नाही ही मोठी खोट काढली. भावजी म्हणाले, ठिपके तेवढेच आहेत, वाढत नाहीत. मामा म्हणाले, गिऱ्हाइकाचं कापड कमी असलं तरी बाही लावावीच लागते, तुम्ही काहीही करा. दोघांनी दुपारभर डोकी लढवून पोटाचे ठिपके खांद्याला नेले आणि पैलवान पहिल्यांदाच बारीक झाला.

पण कपडे द्यायचे कुणाला आणि कधी, ह्याचा नियम भावजींनी कुणाला विचारून केला नाही. घरचा रिवाज तोच कॉम्प्युटरचा. ज्याचा सण त्याला कपडे. नाताळला मास्तरांना नवा शर्ट आला, चौदा एप्रिलच्या जयंतीला कंट्रोलरसाहेबांना पांढराशुभ्र पोशाख. साहेब ड्यूटी सोडून तो बघायला आले आणि जाताना सगळ्यांना पेढे वाटून गेले. शिंपीमामांचे वडील गेले त्या वर्षी त्यांच्या माणसाला दिवाळीला काहीच नाही. पहिला सण सरल्यावर मात्र दुखवट्याची पांढरी टोपी आली. ती बघून मामांनी आत येऊन माझ्याकडे पाणी मागितलं आणि बराच वेळ तांब्या हातात धरून बसले. शिवाय प्रत्येक नव्या कपड्याच्या कोपऱ्यात एक बारीकसा लाल ठिपका असायचा. पोरांना वाटे काच खराब झाली. ती बोटाने पुसायची. तो काचेचा दोष नव्हता. आपण नवं कापड अंगाला लावण्याआधी त्याच्या टोकाला कुंकवाचं बोट लावतो की नाही, ते ते बोट होतं.

आता आपल्याकडे कपडे म्हटले की मानपान आला. लग्नात टोपीवरून रुसणारी माणसं कॉम्प्युटरमधल्या टोपीवरून रुसणार नाहीत होय? खरा पैलवान, जो दुधाचा धंदा करत होता, तो एक दिवस तणतणत आला. त्याचं म्हणणं, सुरुवातीला आपल्याला लंगोटावर का पळवलं, सासुरवाडीची माणसं बाजाराला येतात. सदरा चढवला तेव्हा शांत झाला. मग पुढच्या सणाला पुन्हा आला, की मास्तरांना दुसऱ्यांदा शर्ट झाला, आपला सदरा तोच, आपण काय कमी घेतलं का कुणाचं? आणि खरं सांगायचं तर पोरांचाही पैलवानावरच जीव. तो शेळीवर आदळला तरी पडायचा नाही. दहातली नऊ पोरं त्यालाच घ्यायची आणि त्याला लाल सदरा द्या म्हणून भावजींच्या मागे लागायची. ज्याच्याकडून कॉम्प्युटर घेतला तो नगरचा मित्र एकदा येऊन दिवसभर बसला, आणि निघताना त्यानेही हाच सल्ला दिला, की जो चालतो त्याला नटव, पोरं दोन रुपये देतील. भावजींनी त्याला पिठलं-भाकरी खाऊ घातली, गाडीत बसवून दिलं आणि परत येऊन मला म्हणाले, "पैलवानाला काय कमी हाय, वहिनी? त्याला तर समदेच घेत्यात." मला तो कान तुटका कप आठवला.

पण सगळ्यांना एक नियम लावणारे हे न्यायाधीश एका माणसाच्या बाबतीत सरळसरळ लबाडी करायचे. ती ती पाचवी, बाईमाणूस. ती आमची अक्का, भावजींची थोरली बहीण, माझी नणंद. खेळात तिला एकही पोर घेत नसे. घेणार कशी? अक्का चालता चालता बांगड्यांच्या दुकानापुढे आपोआप थांबायची. कितीही बटणं दाबा, तिचा भाव करून झाल्याशिवाय हलायची नाही, आणि तेवढ्यात गाडी निघून जायची. एकदाही तिला गाडी मिळाली नाही. पोरं म्हणायची, ही बाई बिघडलीये, दुरुस्त करा. भावजी म्हणायचे, ती तशीच आहे. आणि ह्या न चालणाऱ्या, कुणी न घेणाऱ्या अक्काला संक्रांतीला काळी चंद्रकळा, पंचमीला हिरवी साडी, गौरीला जरीकाठी, दिवाळीला आणखी एक. दुपारच्या वेळी भावजी डोळे बारीक करून एकेक ठिपका रंगवत बसायचे. सोळाच रंग होते त्या कॉम्प्युटरला, पण अक्काचा काठ आणि पदर कधी एका रंगाचा झाला नाही. पैलवान म्हणायचा, हा कुठला न्याय? आणि मला तोंड उघडता यायचं नाही, कारण मला कारण ठाऊक होतं.

अक्का दोन दिवाळ्या माहेरी आली नव्हती. त्या पुढच्या खोलीच्या वास्तुशांतीला आली ती शेवटची. त्या दिवशी माणसांची ही झुंबड. आहेराच्या साड्या ट्रंकेतून काढताना सासूबाईंच्या हाती एक साडी आली, तिला त्यांनी घाईघाईत कुंकू लावलं आणि लेकीच्या ओटीत घातली. अक्काने घडी उलगडली तर पदराच्या टोकाला कुंकवाची दोन बोटं. एक ओलं, एक सुकून काळं पडलेलं. ते सुकलेलं बोट अक्काचंच होतं. दोन वर्षांपूर्वी तिनेच ती साडी आईसाठी आणली होती. आईने नेसली तर नाहीच, फिरवून लेकीलाच दिली. अक्काने साडीची पुन्हा घडी घातली. जेवली, सगळ्यांच्या पाया पडली, साडी पाटावर ठेवली आणि गाडीत बसली. खरं तर सासूबाईंनी ती साडी जपून ठेवली होती, चांगली म्हणून नेसायचा धीर होत नव्हता, आणि घाईत भलत्या गठ्ठ्यात गेली. पण हे लेकीला सांगायचं म्हणजे आपण चुकलो म्हणायचं, आणि आमच्या सासूबाई जन्मात कधी चुकल्या नव्हत्या. घर तिचं आहे, तिला बोलवायला कशाला पाहिजे, एवढंच म्हणायच्या. तिकडे कोपरगावकडे, उसाच्या मुलखात, अक्काही त्याच आईची लेक. दोघींच्या नाकावर माशी बसायची नाही. आणि मधल्या मधे भावजी. अक्काने त्यांना कडेवर वाढवलं होतं. तिचं लग्न झालं तेव्हा भावजी चार-पाच वर्षांचे, वऱ्हाडाच्या गाडीमागे रडत स्टँडपर्यंत पळाले होते. अजून गावातले म्हातारे त्यावरून चिडवायचे. दिवाळीत ओवाळून घ्यायला ते कोपरगावला गेले असते, नाही असं नाही. पण ते म्हणायचे, भाऊबीज माहेरात व्हावी. सासूबाईंची छाती त्या वर्षी फार भरून यायची, डॉक्टर जपायला सांगत होते. माझ्या डोक्यात सारखं यायचं, की ह्या दोघी अशाच बसल्या आणि म्हातारीचं काही झालं, तर हा माणूस उभ्या जन्मात त्यातून सावरायचा नाही.

गाडं पुढे सरकलं ते दाजींमुळे, म्हणजे अक्काच्या नवऱ्यामुळे. पाथर्डीला कुणाच्या तरी लग्नाला आले होते, बायकोला न सांगता आमच्याकडे डोकावले. बाजारचा दिवस होता. खोलीत गेले तर आपली बायको गुलाबी साडीत बांगड्यांच्या दुकानापुढे उभी. हसून हसून त्यांना ठसका लागला. तो ठसका कोपरगावला जाईपर्यंत थांबला नसावा, कारण पुढच्या बाजाराला सकाळीच अक्का स्वतः दारात हजर. ओवाळायला नव्हे, भांडायला. तळपायाची आग मस्तकात गेलेली. चप्पल पायात तशीच ठेवून ती त्या सोवळ्याच्या खोलीत शिरली, आणि पोरं भिंतीला चिकटली. मी दारात उभी. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत, पण त्यांचं पोळपाट वाजायचं थांबलं.

"मला बाजारात पळवतोय व्हय रे? रुपया घिऊन?" अक्का म्हणाली.

भावजींनी उठून तिला आपली खुर्ची दिली आणि बटणं कुठली दाबायची ते दाखवलं. मला वाटलं आता ही कॉम्प्युटर उचलून आपटते. पण समोर आपणच उभ्या आहोत म्हटल्यावर कुणाला मोह होत नाही? अक्का बसली. बोटभर अक्का वेशीतून निघाली, शेळ्यांमधून वाट काढली, कांद्याला वळसा घातला आणि बांगड्यांपुढे येऊन थांबली. खरी अक्का बटणं बडवत राहिली. पोरं कुजबुजली, ही बिघडलेलीच आहे. अक्काने वाकून पडद्याजवळ तोंड नेलं आणि पदरावरचा ठिपका नखाने खरवडला.

"ह्यो डाग कसला?"

"डाग न्हाई. कुंकू हाय," भावजी म्हणाले. मग पडद्याकडे बोट करून म्हणाले, "एकच बोट लावलंय, अक्का. बघ नीट. समद्या साड्यांला एकेकच हाय."

पोरांना काही कळलं नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. अक्काने पदर तोंडाला लावला, नाक ओढलं आणि एकदम घोगऱ्या आवाजात म्हणाली, की पुन्हा एक डाव लाव, ही गाडी मी पकडून दाखवते, मला संध्याकाळच्या गाडीने परत जायचंय. मग सुरू झालं. डाव संपे, गाडी चुके. दुसरा लाव. पुन्हा बांगड्या. दुपार झाली, पोरं कंटाळून बाजारात गेली, अक्का हटायला तयार नाही. स्वयंपाकघरात सासूबाईंनी माझ्याकडे न बघता, भिंतीला सांगावं तसं सांगितलं, की वांगी भरून कर, दाण्याचं कूट जास्त घाल, आणि पीठ चार माणसांचं जास्त भिजव. एकट्या अक्कासाठी चार माणसांचं पीठ कशाला, असं मी विचारलं नाही.

संध्याकाळ व्हायला आली. खऱ्या स्टँडवर खरी गाडी येऊन लागल्याचा आवाज आला. अक्का बांगड्यांच्या दुकानातून पहिल्यांदाच पुढे सरकली होती, आता मिळतेच गाडी, अशी वेळ. आणि लाईट गेली. पडदा काळा. तिसगावात लाईट जाणं म्हणजे नवल नव्हतं. नवल एवढंच, की आमच्या शेजारची विजेवरची पिठाची गिरणी सुरूच होती. तिचा पट्टा फटफट वाजत होता. मी ऐकलं, स्वयंपाकघरातून सासूबाईंनी ऐकलं, बाहेर ओट्यावर शिंपीमामांनी ऐकलं आणि हसू दाबायला तंबाखूची डबी काढली. भावजी मेन स्विचच्या भिंतीला पाठ लावून छताकडे बघत उभे होते. एवढा न्यायी माणूस, पण खोटं वागायचं म्हणजे कान लाल व्हायचे.

अक्कानेही गिरणी ऐकलीच होती. तिला काय कान नव्हते? तिने एकदा गिरणीच्या दिशेला बघितलं, एकदा धाकट्या भावाकडे. स्टँडवर गाडीने हॉर्न दिला, पुन्हा दिला. अक्काने पायातली चप्पल काढली, हाताने उंबऱ्याबाहेर सारली आणि पाय वर घेऊन खुर्चीत नीट मांडी घातली.

"लाईट येईस्तवर बसते," ती म्हणाली.

गाडी गेली. तेव्हा कुठे आतून सासूबाईंचा आवाज आला, की अंधारात बसू नका, चूल पेटलीये, इकडे या. त्या जन्मातला तो त्यांचा एकमेव माफीनामा. अक्का आत गेली, आणि दोघी मायलेकी वांग्यात मीठ कमी की जास्त ह्यावरून अर्ध्या तासात कडकडून भांडल्या, तेव्हा मला खात्री पटली की आता सगळं ठीक आहे. अक्का चांगली आठवडाभर राहिली. जाताना सासूबाईंनी तीच साडी पुन्हा काढली, लेकीसमोर नेसल्या आणि दोन बोटांचा पदर खांद्यावर टाकून तिला सोडायला स्टँडवर गेल्या.

पुढे धुळीने तो कॉम्प्युटर गेला. भावजींनी तिसगावातच झेरॉक्सचं दुकान टाकलं. त्यातही जो कागद नीट उमटत नाही त्याच्यावरच ते जास्त वेळ घालवतात, गिऱ्हाईक ताटकळत उभं. सासूबाई जाऊनही बरीच वर्षं झाली. खेळाची ती चौकोनी फ्लॉपी माझ्या कपाटात आहे, पण ती वाचणारं यंत्र आता कुठे मिळत नाही म्हणतात. अक्का तिच्यात असेल, बांगड्यांपुढे उभी, दिवाळीच्या साडीत. नातवाला मी हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, आजी, अशाने कंपनी बुडेल. बुडेल खरी.

अक्का अजून दर भाऊबीजेला येते. ह्या खेपेला तिचा मुलगा चारचाकी घेऊन न्यायला आला. गाडी थेट दारात लावली आणि संध्याकाळी हॉर्न दिला. अक्काला पिशवी सापडेना, मग चष्मा सापडेना, मग पिशवी पुन्हा सापडेना. भावजी भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांचा हात नकळत मेन स्विचकडे गेला आणि तिथेच थांबला. मी पाहिलं, अक्कानेही पाहिलं. दारात उभी असलेली गाडी चुकणार तरी कशी? अक्का बसली, गाडी निघाली, आणि भावजी पायात चपला सरकवून तिच्यामागे चालू लागले. पळाले नाहीत, आता गुडघे धरतात. स्टँडपर्यंत गेले, तिथे जरा वेळ उभे राहिले आणि परत येऊन मला चहा टाकायला सांगितला.